चेंडूला सपाटी, पाण्याला उतार

वाळू भरून झाल्यानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे आज पहाटे, परसातल्या नव्या टेनिस कोर्टावर पहिला पाऊस पडला. तो थांबताच मी रॅकेट न घेता बाहेर गेले, कारण मला फक्त पाणी कुठे साचले आहे ते पाहायचे होते. बाकी सगळी टर्फ, म्हणजे कोर्टावर अंथरलेली कृत्रिम हिरवळ, अर्ध्या तासात निथळली. वायव्येच्या कोपऱ्यात मात्र ताटाएवढे डबके तसेच उभे राहिले. तीन आठवडे चाललेल्या कामाविषयी लिहायचे राहूनच गेले होते, ते या डबक्यामुळे आज लिहिते आहे.

पूर्ण टेनिस कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि दुहेरीसाठी १०.९७ मीटर रुंद असते, शिवाय चारही बाजूंना धावण्यासाठी जागा लागते. ते आमच्या परसात मावणे शक्यच नव्हते. म्हणून लहान मुलांच्या टेनिससाठी वापरतात ते ३६ फुटी कोर्ट आम्ही निवडले. ३६ फूट म्हणजे पूर्ण कोर्टाची रुंदी, त्यामुळे प्रशिक्षक ही छोटी कोर्टे मोठ्या कोर्टावर आडवी आखून घेतात, हे मला मोजमापे घेतानाच उमगले. सकाळ-संध्याकाळचे ऊन कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये यासाठी लांबी दक्षिणोत्तर ठेवली आणि १६ मीटर बाय ८ मीटर जागा मोकळी केली.

पंधरा सेंटिमीटर खोल खणायचे, एवढे ऐकून मला काम किरकोळ वाटले होते. प्रत्यक्षात ती १९ घनमीटर माती होती, आणि खणलेली माती मोकळी होऊन फुगते, त्यामुळे ढीग खड्ड्यापेक्षा बराच मोठा झाला. ही माती टाकायची कुठे, याचा विचार मी केलाच नव्हता. त्या ढिगात वळवळणारी गांडुळे पाहून मन थोडे खट्टू झाले, हेही लिहून ठेवते.

खरा वाद झाला तो उताराचा. कोर्ट अगदी पाणसळीत, म्हणजे तंतोतंत सपाट हवे, असा माझा हट्ट होता. मुकादम शांतपणे म्हणाले, "ताई, पाणसळीत केलेलं कोर्ट म्हणजे उथळ तळं." त्यांनी रुंदीच्या दिशेने शंभराला एक असा उतार धरला, म्हणजे ८ मीटरमध्ये एक बाजू दुसरीपेक्षा ८ सेंटिमीटर खाली. लांबीच्या दिशेने उतार दिला असता तर एक खेळाडू कायम चढावर खेळला असता; आडव्या उतारात दोघांच्याही वाट्याला सारखेच येते. दोरी बांधल्याशिवाय हा उतार डोळ्यांना दिसत नाही आणि चेंडूलाही तो फारसा जाणवत नाही, पण पाणी मात्र त्यावरून बरोबर खालच्या कडेच्या चरात उतरते. मातीवर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारे पण माती आणि खडी एकमेकांत मिसळू न देणारे कापड अंथरले, त्यावर खडीचे थर एकेक करून पाणी मारत यंत्राने दाबले, आणि सर्वांत वर बारीक कच, म्हणजे दगडाची चुरी, पसरली. मग तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी सगळीकडे आडवी-उभी फिरवून, तिच्याखाली जिथे फट दिसेल तिथे पुन्हा कच टाकून दाबायची, हे काम दोन दिवस पुरले.

टर्फ अंथरणे त्या मानाने झटपट आटोपले. मखमलीला जशी लव असते तसा टर्फच्या पात्यांनाही एक कल असतो, आणि एक गुंडाळी उलटी पसरली गेल्यामुळे तो पट्टा इतका फिकट दिसू लागला की सांधे चिकटवण्यापूर्वी ती फिरवून घ्यावी लागली. त्यानंतर चौरस मीटरला २० किलो, अशी एकूण सुमारे अडीच टन कोरडी सिलिका वाळू पातळ थरांनी पेरून ब्रशने आत जिरवली. पाती उभी राहतात आणि टर्फ जागची हलत नाही, ती या वजनामुळेच.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये १९६६ साली कृत्रिम हिरवळ आली, कारण छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावदानांमुळे डोळे दिपतात म्हणून ती रंगवल्यावर आतले गवत उन्हाअभावी मेले होते. आमच्या परसातले गवत चांगले जगत होते, ते आम्हीच काढले. जिवंत गवत पाण्याच्या बाष्पीभवनामुळे थंड राहते, टर्फला ती सोय नाही. भर दुपारी तिच्यावर अनवाणी उभे राहवत नाही. मुलीला आता ऊन उतरल्याशिवाय खेळायला सोडत नाही.

आणि ते डबके. वायव्येचा कोपरा उताराच्या वरच्या बाजूला आहे, तेव्हा तिथे पाणी साचते याचा अर्थ खाली खोलगट भाग राहिला आहे. तो कसा राहिला हे मला नक्की ठाऊक आहे. पट्टी फिरवण्याच्या दुसऱ्या दिवशी अंधार पडू लागला होता, पट्टीखाली बोट शिरेल एवढी फट दिसत होती, मुकादम कच आणायला वळले होते, आणि मीच म्हणाले, "राहू द्या, एवढ्याने काय होतंय." आज फोनवर त्यांनी याची आठवणसुद्धा करून दिली नाही. वाळू झाडून काढू, टर्फची कड उचलू, खाली कच भरून पुन्हा चिकटवू, पण सगळे पूर्ण कोरडे झाल्यावरच, एवढेच ते म्हणाले.

पाणी हटण्याआधी मी डबक्याच्या कडेने खडे मांडून ठेवले. संध्याकाळपर्यंत ते मुरून गेले. खडे मात्र अजून तिथेच आहेत, आणि मुकादम येईपर्यंत ते कोणी हलवू नयेत असे घरात सांगून ठेवले आहे.