तुम्ही विचारलंत म्हणून: सेट कुठला घेऊ?

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेखातर वायरलेसवर दुसऱ्या हौशींशी बोलायचा छंद, शिकायचाय म्हणून माझ्याकडे येणारा माणूस, मग तो वडगावचा कॉलेजचा पोरगा असो नाहीतर निपाणीकडचे कुणी डॉक्टरसाहेब, पहिला प्रश्न हाच विचारतो. सोबत बहुतेक वेळा मोबाईलवर फोटो असतो. हातात धरायचा स्वस्त चायनीज सेट, खाली किंमत, आणि "काका, हा घेऊ काय ओ?"

आत्ता नको. सेट ही या छंदात सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. त्याच्या आधी कान, मग परवाना, मग तार, म्हणजे अँटेना. क्रम उलटा केलेल्यांचे सेट कपाटात पडून आहेत, आणि त्यातले काही माझ्याकडेच "कुणी घेतंय काय बघा" म्हणून आलेत.

कायद्याचं आधी उरकतो. परवाना नसताना असा सेट घेऊन बोलणं गुन्हा आहे. ऑनलाइन विकायला ठेवलेत म्हणजे चालतात, असं नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वॉकीटॉकी बेकायदा विकल्याबद्दल ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या त्या याचसाठी. शिवाय आपलं बेळगाव बघा. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दल, कॅम्पात लष्कर. या सेटांवर फ्रीक्वेन्सी हवी तिथं फिरते, आणि आपण कुणाच्या चॅनलवर बोललो ते आपल्याला कळतही नाही. त्यांना मात्र कळतं.

परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. दूरसंचार विभागाची वायरलेस परवाने बघणारी डब्ल्यूपीसी शाखा ती घेते, अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. वय किमान १२. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत. दोन्हीत रेडिओचं शास्त्र आणि नियम यांचे प्रश्न असतात. जनरलला त्यावर मिनिटाला ८ शब्द या वेगानं मोर्स (टिंब-रेघांची लिपी) घ्यायला आणि पाठवायला यावं लागतं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांना व्हीयू३ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे हवेवरची आपली ओळख, मिळते, जनरलवाल्यांना व्हीयू२ने. माझं ऐकाल तर आधी रिस्ट्रिक्टेड द्या. बारावी सायन्स झालेल्याला ओहमचा नियम, रेझोनन्स, मॉड्युलेशन एवढं परत वाचलं की पुरतं. पोरं नापास होतात ती नियमांत, कारण ते कुणी वाचतच नाही. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत निरोप द्यायचा नाही. गणपतीच्या मिरवणुकीत कार्यकर्त्यांना सेट वाटायचा बेत असेल तर तोही इथंच सोडा.

अर्ज केल्यावर थांबावं लागतं. हे दिवस ऐकण्यात घालवा. इंटरनेटवर लोकांनी जोडून ठेवलेले रिसीव्हर असतात, ते ब्राउझरमध्ये उघडून सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या मध्ये फिरा. देशभरातली मंडळी चहा पीत बोलताना सापडतील. कोण कुणाला कसं बोलावतं, मध्येच शिरायचं असेल तर किती थांबतात, आवाज कसा येतोय ते कसं सांगतात, हे पुस्तकात वाचून येत नाही.

आणि घरातला जुना ट्रान्झिस्टर खाली काढा. आमच्या पिढीनं मीडियम वेव्हवर सांगली १२५१ला आणि धारवाड ७६५ला ऐकलं. मराठी एकीकडून, कानडी दुसरीकडून, काटा थोडा इकडं थोडा तिकडं. तुम्हाला आता जे केंद्र लागेल ते लावा आणि दिवसा सेट जागच्या जागी सावकाश गोल फिरवा. आतल्या फेराइटच्या कांडीचं टोक केंद्राकडं वळलं की आवाज पडतो. बेळगावातून सांगली जवळजवळ सरळ उत्तरेला आणि धारवाड आग्नेयेला, त्यामुळं दोघांच्या पडण्याच्या दिशा वेगळ्या. अँटेनाला दिशा असते म्हणजे काय, ते एवढ्यात कळतं, खर्च शून्य.

त्याच ट्रान्झिस्टरचं आणखी एक काम आहे, आणि आपल्याकडं ते फार महत्त्वाचं. शहापूर, वडगाव, खासबाग भागात भिंतीपलीकडं माग चालू असतात, घराघरात स्वस्त एलईडी बल्ब आणि चार्जर. हे सगळं रेडिओत खरखर ओततं. सेलवरचा ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मध्ये लावून घरातला मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे; मग एकेक एमसीबी चढवत त्याला पकडा. तशीच राहिली तर ती बाहेरची. मग अँटेना घराच्या कुठल्या अंगाला टांगायची ते ठरवायला हीच माहिती कामाला येते. हजारोंचा सेट आणून खरखर ऐकत बसण्यापेक्षा हे बरं की नाही?

आता तार. माझा जीव हिच्यात.

७.१ मेगाहर्ट्झसाठी साधा डायपोल घ्या, म्हणजे मधोमध तोडून तिथं केबल जोडलेली तार. १४३ला मेगाहर्ट्झनं भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते: साधारण २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. घरच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची वायर चालते. सबमर्सिबल पंपाची प्लास्टिकचं आवरण असलेली वाइंडिंगची तारही चालते. उद्यमबागेकडं रिवाइंडिंगवाल्याकडं विचारा, उरलेली भेंडोळी पडलेली असतात. आवरणाच्या तारेला लांबी थोडी कमी लागते, तरी कापताना जास्तच ठेवा. तोडता येते, जोडत बसायचा वैताग. मधला बिंदू माडाला किंवा गच्चीवरच्या पाइपला बांधा, दोन्ही टोकं खाली उतरवा. जागा नसेल तर टोकं वाकवली तरी चालतं. मधल्या बिंदूशी सेटकडं जाणाऱ्या कोॲक्स केबलचीच (टीव्हीच्या केबलसारखी असते) आठ-दहा वेटोळी घालून बांधा, म्हणजे केबल स्वतः अँटेना होऊन बसत नाही.

उंची नाही म्हणून लोक खट्टू होतात. या बँडवर, म्हणजे या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात, पाच-सहा मीटरवरचा डायपोल ऊर्जा बरीचशी सरळ वर फेकतो, ती आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून, खाली येते, आणि दिवसा पुणे, मुंबई, बेंगळुरू ही आपल्या भोवतालची गावं छान लागतात. संध्याकाळनंतर जवळची गावं विरतात आणि लांबची उमटतात. तेव्हा सेट बिघडला म्हणून माझ्याकडं येऊ नका.

दोन मीटरचा बँड, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, याच्या उलट. तिथं उंचीच सगळं. गावात घराआड अडकलेला सेट राजहंसगडावर नेला की लांबचं ऐकू यायला लागतं. घरासाठी ४९ सेंटिमीटरचा उभा ब्रेझिंग रॉड आणि त्याच्या पायाशी तेवढेच चार आडवे, जरा खाली वाकवलेले. झाली अँटेना. मात्र केबलमध्ये कंजुषी नको. आरजी-५८ची २० मीटर केबल या फ्रीक्वेन्सीवर निम्म्याहून जास्त ताकद गिळते. ७ मेगाहर्ट्झवर तीच केबल खुशाल वापरा.

एप्रिल-मेमधला वळीव विसरू नका. ढग दिसला की केबल सेटमधून काढून घराबाहेर. खानापूर, जांबोटीकडं जांभ्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही. तिथं खोल खड्डा, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या, तेव्हापासून "आपत्तीत उपयोग होतो म्हणे" असंही लोक विचारतात. होतो. पण पुराच्या दिवशी खोक्यातून काढलेल्या सेटाचा नाही. रोज सकाळी बोलणाऱ्याला कुठल्या वेळी कुठलं गाव लागतं ते पाठ असतं, त्याची बॅटरी चार्ज असते. त्याचाच होतो.

राहता राहिला सेट. कॉलसाइन आल्यावर हातानं काही करायची हौस असेल तर हैदराबादच्या अशर फरहान यांनी काढलेल्या बिटएक्स घराण्यातला मायक्रोबिटएक्स बघा. दहा वॅटच्या आसपासचा सेट आहे, बॅटरीवर आरामात चालतो, त्याचं सर्किट सगळ्यांना खुलं आहे. बिघडला तर उघडून शिकता येतं. तयारच हवा असेल तर जुना शंभर वॅटचा घ्या, पण पॉवर सप्लाय १३.८ व्होल्टला २० अँपिअर देणारा लागेल, तो खर्च आधीच धरा. जुना घेताना विकणाऱ्याचा परवाना बघा, लेखी घ्या, आणि डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून प्रत्येक बँडवर पॉवर किती येते ते समोर मोजून घ्या. पॉवर मीटर नसला तर माझा घेऊन जावा, फक्त परत आणून द्यायचा.