खाडीचा वास आणि कुंडीतला टोमॅटो

माहीम सोडून गाडी बांद्र्याकडे निघाली की खाडीवर सडक्या अंड्यांचा जो भपकारा येतो ना, तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हाच वायू भाजीची झाडं आपल्या पेशींमध्ये स्वतःच बनवतात, अगदी किंचित, हे वाचल्यापासून डोकं त्यातच अडकलंय. बनवतात कशाला, तर निरोप द्यायला.

आमच्या सोसायटीत पाणीकपात लागली की कुंड्यांच्या नशिबी बोअरवेलचं मचूळ पाणी. मग मातीवर पांढरा थर धरतो, टोमॅटोची जुनी पानं कडेने करपतात आणि माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकतं. मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढणं जड जातं म्हणून हे होतं, शिवाय सोडियम आत घुसून पोटॅशियमची जागा बळकावतो आणि एन्झाइम्सची कामं बिघडवतो ते वेगळंच.

पण झाड गप्प बसत नाही. मुळाला मीठ लागलं की काही सेकंदांत पेशीत कॅल्शियम वाढतं, एक प्रोटीन ते ओळखतं, ते दुसऱ्याला जागं करतं आणि दुसरं पेशीच्या भिंतीआतल्या पडद्यावरचा पंप चालू करतं, जो सोडियम बाहेर फेकतो, पावसात बेसमेंटमध्ये पाणी शिरल्यावर सोसायटी पंप लावते तसाच. या साखळीला एसओएस म्हणतात. २०१४ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात शास्त्रज्ञांनी ही कॅल्शियमची लाट मुळाकडून वर पानांकडे जाताना मोजली, सेकंदाला साधारण ४०० मायक्रोमीटर, म्हणजे मिनिटाला दोन-अडीच सेंटीमीटर. नसा नाहीत, मेंदू नाही, तरी!

हायड्रोजन सल्फाइड, नायट्रिक ऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड हे सगळे याच कामातले. गंमत म्हणजे जास्त झाले की तिन्ही विष, थोडे असले की निरोपे. नायट्रिक ऑक्साइड तर आपल्या रक्तवाहिन्याही सैल करतो, १९९८ चं वैद्यकातलं नोबेल त्याच्याच शोधाला मिळालं. झाडात हे मिळून सोडियम-पोटॅशियमचा तोल सांभाळायला आणि प्रोलीनसारखी, पेशीत पाणी धरून ठेवणारी द्रव्यं साठवायला मदत करतात.

आता यूट्यूबवर जो तो ॲस्पिरिन विरघळवून फवारा म्हणतोय. त्यामागे तथ्य आहे, ॲस्पिरिन ज्यापासून बनवतात ते सॅलिसिलिक ॲसिड हाही झाडाचाच निरोप्या, आणि प्रयोगांमध्ये लिटरला साधारण ७० मिलिग्रॅमच्या आसपास फवारून टोमॅटो, काकडीला फायदा दिसलाय. पण प्रमाण चुकलं तर पानं भाजतात, आणि मुळात फवारणीने मातीतलं मीठ कुठे जातं हो? ते तिथेच. कुंडीचं भोक मोकळं करून गोडं पाणी खालून वाहेपर्यंत ओतणं याला पर्याय नाही, मला तरी गोळ्यांपेक्षा तेच पटतं.

भाजी निवडण्यातही पुष्कळ आहे. मातीच्या खारटपणाचं माप डेसीसिमेन्स प्रति मीटरमध्ये असतं, आकडा मोठा तितकी माती खारट; फरसबीचं उत्पन्न १ ओलांडला की घसरायला लागतं, टोमॅटो २.५ पर्यंत तग धरतो, बीट ४ पर्यंत. आपला देशी पालक बीटच्याच घरातला आणि त्यांचा रानटी पूर्वज समुद्रकिनाऱ्यावर वाढणारा, त्यामुळे त्याला खाऱ्याचं फारसं वावडं नाही. फरसबीच्या कुंड्या या उन्हाळ्यात मी पालकाला देतोय.