तुम्ही विचारलंत म्हणून: मी तो गेम अजून का खेळतो

"सर, तुम्ही अजून तेच खेळून राहिले का?" क्लासमधली पोरं विचारतात. प्रतापनगरच्या चौकात तर्री-पोहे खाताना शेजारचे काका विचारतात. ताई तर प्रत्येक राखीला विचारते. आजवर मी "असंच, टाइमपास" म्हणत आलो. ते खोटं होतं.

गेमचं नाव पॉकेट मॉर्टीज. 'रिक अँड मॉर्टी' या विनोदी कार्टून मालिकेवर बेतलेला, जानेवारी २०१६ मध्ये आलेला. पोरांना तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इतरांसाठी एवढंच, की रिक हा आजोबा, मॉर्टी त्याचा नातू, आणि विश्वं अगणित, म्हणून नातूही अगणित. मिशीवाला मॉर्टीसुद्धा आहे. आजोबा लोक हे नातू चिप लावून पकडतात आणि एकमेकांवर सोडतात. सारखे दोन जुळवले की त्यातून पुढच्या पायरीचा एक तयार होतो. लढाईचा नियम आपण लहानपणी हातांनी खेळायचो तोच: दगड कात्रीला हरवतो, कात्री कागदाला, कागद दगडाला.

या नियमाकडे जरा लक्ष द्या. माझं सगळं त्यातच आहे.

मी गणित शिकवतो. पोरांचे मोबाइल टेबलाच्या खणात टाकणारा मास्तर म्हणून मला लोक ओळखतात. भाच्याला याच गेमवरून मी सगळ्यांसमोर बोललो होतो, "आजोबानं नातवाला जनावरासारखं झुंजवायचं, यात हसण्यासारखं काय आहे?" तो प्रश्न मी आजही मागे घेत नाही. मला तो भाग अजूनही खुपतो. पण त्या पोराला मी ज्या आवाजात बोललो, तो आवाज माझ्या बाबांचा होता.

मे २०१८ मध्ये बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला बसला की बहुधा दोन्ही जातं. जन्मभर अजनीच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनांच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस धंतोलीतल्या एका दवाखान्यात गप्प पडून होता. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, वर्धा रोडवर मेट्रोचे खांब उभे होत होते. रात्रपाळी माझी. जागा राहशील म्हणून भाच्यानंच माझ्या मोबाइलवर गेम टाकून दिला होता.

तिसऱ्या की चौथ्या रात्री मी लढाईत अडकलो होतो. समोरच्याच्या नावाशेजारी कागदाचं चिन्ह होतं. बाबा पडल्या पडल्या स्क्रीनकडे बघत होते. मी कशाला तरी, कुणाशी तरी बोलावं म्हणून म्हटलं, "बाबा, कागद आला. काय पाठवू?" त्यांनी डावा हात गादीवरून उचलला आणि दोन बोटं दाखवली. कात्री.

मी कात्रीवाला पाठवला आणि जिंकलो. पुढच्याला त्यांनी मूठ दाखवली, तीही बरोबर. त्या दिवसांत "पाणी हवं का" याला त्यांचं हो की नाही तेही आम्हाला ओळखू येत नव्हतं, आणि इथे ते मला उत्तरं देत होते. चाळीस वर्षांत बाबांनी मला "तुझं काय मत" असं कधी विचारलं नव्हतं, मीही त्यांना नाही. ते नऊ रात्री चाललं. मी दोन-दोन वाजेपर्यंत खेळायचो आणि सकाळी ताईला सांगायचो, त्यांना सगळं समजतंय. ताई म्हणायची, "हात हलतो रे त्यांचा. तुला हवं ते तू बघतोस." खरं सांगायचं तर ते चुकायचेही. चुकलेले मी तिला सांगत नव्हतो.

दहाव्या रात्री समोर दगड होता. मी विचारायच्या आधीच त्यांनी पंजा उघडला. कागद. बरोबर होतं. मी "वा बाबा" म्हणालो आणि कागदवाला पाठवला. हात खाली गेला नाही. पुढची लढाई सुरू झाली, समोर कात्री होती, तरी पंजा तसाच. मी म्हटलं, "नाही बाबा, आता मूठ." त्यांनी पंजा माझ्या दिशेनं जरा पुढे केला. मी हसून त्यांची बोटं मिटवली. मूठ मी वळवली, माझ्या हातानं. आणि दगडवाला पाठवला.

पहाटे दुसरा झटका आला. सकाळी बाबा गेले.

तो पंजा म्हणजे काय होतं? थांब? लिहायला खरा कागद दे? सिस्टरला बोलाव? की नुसता हात? रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, तुम्ही तेव्हा उठला असता तरी फरक पडला नसता. मी ते वाक्य धरून ठेवलं आहे, आणि तरी ती बोटं मिटवल्याचं माझ्या हातातून जात नाही. कधी वाटतं, दहा रात्री मी बापाशी बोललो, इतकं बोलणं कितींच्या नशिबी येतं. कधी वाटतं, बोललो कुठे, मी त्यांना खेळवलं. भाच्याला विचारलेला प्रश्न तेव्हा मलाच लागू पडतो.

तर पोरांनो, काका, ताई, मी अजून का खेळतो? व्यसन नाही. दिवसाला दोन-तीन लढाया, बस. आठवण म्हणावी तर फोटो आहेत, त्यांचं घड्याळ आहे. मला वाटतं, मी अजून तो पंजा वाचतो आहे. ताई म्हणते, काढून टाक, सुटशील. मागच्या राखीला तिनं मोबाइल हातात घेऊन स्वतःच एक लढाई खेळली. समोर दगड आला. "काय पाठवू?" तिनं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि मोबाइल परत माझ्या हातात दिला.