तीन वर्षांखालची मुले आणि आमचे निवेदन

रविवार, रात्री

आज बेळगाव शहरातल्या वडगावात आमच्या गल्लीतल्या मंदिराच्या ओवरीत बायकांची बैठक झाली. सरकारी पाळणाघर मागणाऱ्या निवेदनात नेमके काय लिहायचे हे ठरवायला जमलो होतो, आणि ते ठरेपर्यंत दिवेलागण उलटून गेली. मी आजी म्हणून गेले होते. सून उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते, मुलगा माग चालवतो आणि सव्वा वर्षाचा नातू दिवसभर माझ्याकडे असतो. माझे गुडघे चालेनासे झाले की सुनेला काम सोडावे लागेल, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत घराघरांत यंत्रमाग आहेत, आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचे काम बहुतेक घरची बाईच करते. शेजारच्या घरात मी रोज पाहते: तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेली, हात कांड्यांवर आणि पाय झोका देण्यात गुंतलेला. मूल झोळीत मावते तोवर हे जमते. ते रांगू लागले की मोटार आणि फिरता पट्टा हाताच्या अंतरावर येतो, आणि मग थोरल्या मुलीची शाळा बुडते. तिच्या गैरहजेरीचे कारण शाळेच्या वहीत आजारपण असे लागते.

अंगणवाडी आहे ना, असे आम्हाला सगळेच सांगतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गरिबांच्या अंगणात बालशिक्षण नेले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. त्या कामाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. परंतु अंगणवाडीत दिवसभर बसते ते तीन ते सहा वर्षांचे मूल. त्याहून लहानाला लस मिळते, त्याचे वजन होते, त्याच्या वाट्याचा आहार घरी मिळतो. त्याला सांभाळायला मात्र कोणी नाही. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली, पण घरी कांड्या भरणाऱ्या बाईला रजा देणारे कोण, आणि वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्याला ती सक्ती लागू कुठे होते?

तीन वर्षांखालच्यांना सांभाळायचे कोणी, बैठकीत सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर गेला, आणि तो जाणे योग्यच होते. एक तरुण आई अंगणवाडीच्या सेविकेला म्हणाली, "बाई, तुम्हीच घ्या की लहानांनाबी. जागा तर हाय." सेविका रागावल्या नाहीत. त्यांनी आपला दिवस सांगितला: मुलांना शिकवणे, आहाराचा हिशेब, गरोदर बायकांचे जेवण, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर मोबाइलमधून नोंदी, त्यात मध्येच एखादे सर्वेक्षण. मदतनीस स्वयंपाकात असते. "घेतलं असतं हो," त्या म्हणाल्या, "पण रांगणारं पोर दारातून बाहेर गेलं तर मी नोंद करत बसले होते, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले. लहान मुलांची सोय मागताना आपण तीच बाई, तेच मानधन आणि वाढीव काम असे मागितले, तर एका बाईचा भार दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवल्यासारखे होईल, आणि सरकारला तेच सोयीचे पडेल. ज्यांना अजून कर्मचारी न म्हणता मानधनावरच्या सेविका म्हटले जाते, त्यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. त्यासाठीही न्यायालयापर्यंत जावे लागले. म्हणून तान्ह्यांसाठी वेगळी, प्रशिक्षित आणि रीतसर पगाराची बाई हवी, ही मागणी मी निवेदनात पहिल्या क्रमांकावर घालायला लावली. काहींना ती लांबची वाटली. मला ती बाकी सर्व मागण्यांचे मूळ वाटते.

मागे एका कार्यालयात आम्हाला "तुमच्या भागात जागा नाही" एवढ्यावर परत पाठवले होते. या वेळी हातात आधार आहे. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की सहा वर्षांखालची किमान ४० मुले असलेल्या खेड्यातील वा झोपडपट्टीतील वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. कर्नाटक सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ४,००० ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' ही पाळणाघरे जाहीर केली. खानापूर किंवा चिक्कोडीकडच्या खेड्यातल्या बाईला निदान ते नाव घेऊन पंचायतीत जाता येते. आमचा भाग महानगरपालिकेचा, म्हणून आमची मुले त्या योजनेच्या बाहेर राहतात. मागावरच्या बाईची आणि शेतमजूर बाईची गरज एकच असताना पाळणाघर हद्द पाहून का मिळावे?

निवेदन मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढायचे, यावर कोणी वाद घातला नाही. आमच्या गल्लीत विणकरांची निम्मी घरे कन्नड बोलणारी आहेत, आणि मुलांची मोजणी करायला दोन्ही भाषा येणाऱ्या बायका जोडीने जाणार आहेत. प्रत्येक घरात मुलाचे वय, दिवसा त्याला कोण सांभाळते आणि त्यापायी कोणाची शाळा किंवा काम सुटले, एवढेच विचारायचे.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी अंगणवाडी सेविका आपल्या मागण्या घेऊन सुवर्ण विधानसौधकडे, म्हणजे बेळगावातल्या विधिमंडळाच्या इमारतीकडे जातात. यंदा त्यांच्या मोर्चात आम्ही आया आणि आज्याही असणार, आणि मोजणीचे कागद निवेदनाला जोडून तिथेच देणार, असे आज ठरले. खासबागेतली घरे माझ्याकडे आली आहेत. गुडघ्यांमुळे एका दिवशी एकच गल्ली करीन.