एरर 2950: ॲक्सेसचा मॅक्रो अडला तेव्हा, माझा अनुभव

आमच्या वाचनालयाचा सगळा कारभार एमएस ॲक्सेसमधल्या (मायक्रोसॉफ्टचं नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) एका फाईलवर चालतो. सभासद, वर्गणी, पुस्तकांची देवघेव, थकबाकीची यादी, सगळं त्यातच आहे. एका जुन्या कार्यकर्त्यांनी 2007 च्या ॲक्सेसमध्ये मनापासून बनवून दिलेलं काम आहे हे, आणि बटणांमागे जे मॅक्रो (ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा) आहेत ते इतकी वर्षं विनातक्रार चालत होते. जुना कॉम्प्युटर गेला, नवीन आला, फाईल कॉपी केली आणि उघडल्याबरोबर "ॲक्शन फेल्ड" अशी चौकट. हे लिहितेय कारण त्या चौकटीपायी वाचनालयाची देवघेव कितीतरी दिवस वहीत करावी लागली आणि उपाय निघाला तो सेटिंगमधल्या एका टिकचा, याचा राग अजून गेलेला नाही.

चौकटीत काय असतं ते नीट सांगते, कारण बहुतेक जण घाईत ती बंद करतात. मॅक्रोचं नाव (आमचं ऑटोएक्झेक, म्हणजे फाईल उघडली की आपोआप पळणारा मॅक्रो), खाली कंडिशन, त्याखाली ॲक्शनचं नाव (आमचं रनकोड, म्हणजे लिहून ठेवलेला कोड चालवणारी आज्ञा), मग आर्ग्युमेंट्स, आणि बाजूला एरर नंबर 2950. बटण दाबता येतं ते एकच, स्टॉप ऑल मॅक्रोज. पूर्ण चौकटीत कुठेही लिहिलेलं नाही की ही फाईल "विश्वासातली" नाही म्हणून अडवलीय. माझा खरा संताप यावरच आहे. चौकट तुम्हाला गाडी कुठे थांबली ते दाखवते, का थांबली ते सांगत नाही, आणि माणूस साहजिकच त्या रनकोडच्या मागे लागतो.

त्यात गोंधळ असा की मुख्य फॉर्म मात्र व्यवस्थित उघडत होता. ऑटोएक्झेकची पहिली ओळ ओपनफॉर्म आहे, ती निरुपद्रवी समजली जाते म्हणून चालते, दुसरी ओळ, म्हणजे रनकोड, व्हीबीएचं (ऑफिसमधली कोड लिहायची भाषा) फंक्शन बोलावते आणि तिथे दार बंद. म्हणजे अर्धं चालतंय आणि अर्धं नाही, मग कोणालाही वाटणार की कोडच बिघडलंय.

कॉम्प्युटर ज्यांच्याकडून घेतला त्यांचा माणूस आला. त्याने कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (ॲक्सेसची फाईल दुरुस्त करायची सोय) चालवलं, ऑफिस काढून परत टाकलं, आणि म्हणाला, "मॅडम, फाईल करप्ट झालीये, जुनं आहे हे, आता नवीन सॉफ्टवेअर घेऊन टाका." वर आमच्या ग्रंथपाल ताईंना कुठल्यातरी सॉफ्टवेअरचा वर्षाचा दरही सांगून गेला. आमचं ड वर्गाचं वाचनालय, अनुदान किती आणि ते कधी हातात पडतं हे ज्यांना माहितीये त्यांना त्या वाक्याने काय वाटलं असेल ते कळेल. मी त्याला विचारलं की करप्ट असेल तर टेबलं कशी उघडतात, सभासदांची नावं सगळी दिसतायत की, तर उत्तर नाही.

शेवटी मी तीच फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन भावाच्या लॅपटॉपवर उघडली. तिथे वर पिवळी पट्टी आली, सिक्युरिटी वॉर्निंग, बाजूला एनेबल कंटेंट. दाबलं. सगळं चालू! थकबाकीची यादीसुद्धा. म्हणजे फाईलमध्ये काहीही बिघाड नव्हता, आणि ताईंना फोन करून हे सांगताना मला जे बरं वाटलं ते काही विचारू नका.

मग आमच्या कॉम्प्युटरवर पट्टी का येत नव्हती? फाईल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज असं आत गेले तर तिथे "डिसेबल ऑल मॅक्रोज विदाउट नोटिफिकेशन" यावर खूण. म्हणजे मॅक्रो बंद कर आणि सांगूही नकोस. त्याच्या खालचा पर्याय, विथ नोटिफिकेशन, निवडला की पट्टी दिसायला लागते. एनेबल ऑल मात्र कोणी करू नका, मग बाहेरून आलेली कुठलीही फाईल आत शिरून काय वाट्टेल ते करू शकते.

पण पट्टीवर भागत नाही, विशेषतः तुम्ही आमच्यासारखं रोज फाईलचं नाव बदलून तारीख टाकून ठेवत असाल तर. एनेबल कंटेंट दाबलं की ॲक्सेस त्या फाईलचा पत्ता लक्षात ठेवतं, नाव किंवा फोल्डर बदललं की ती त्याच्या लेखी नवीन फाईल, परत तेच. यावर पक्का उपाय म्हणजे ट्रस्टेड लोकेशन. सी ड्राइव्हवर एक वेगळं फोल्डर करा, ट्रस्ट सेंटरमध्येच ट्रस्टेड लोकेशन्समध्ये जाऊन ते ॲड करा, आत आणखी फोल्डर असतील तर सबफोल्डर्सची टिक करा, आणि फाईल कायम तिथेच ठेवा. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉपला ट्रस्टेड करू नका, तिथे काय काय येऊन पडतं.

आणि हे झाल्यावर संध्याकाळी मला परत फोन, "ताई, तीच चौकट आलीय." संध्याकाळच्या पाळीचा मुलगा विंडोजमध्ये वेगळ्या लॉगिनने बसतो आणि ट्रस्टेड लोकेशन हे प्रत्येक लॉगिनचं स्वतंत्र असतं! त्याच्या लॉगिनमध्ये जाऊन परत तेच सगळं केलं. हे कोणीही कुठे ठळकपणे सांगत नाही म्हणून मी ठळकपणे सांगतेय, जितके लॉगिन तितक्या वेळा करायचं.

मेलवरून किंवा नेटवरून उतरवलेल्या फाईलचं अजून एक. विंडोज तिच्यावर "इंटरनेटवरून आली" असा शिक्का मारतं आणि 2022 पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाईलमधले मॅक्रो थेट अडवायला सुरुवात केलीय, तेव्हा पिवळीऐवजी लाल पट्टी येते आणि तिच्यात एनेबलचं बटणच नसतं. फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची टिक. फाईल कोणाकडून आली हे पक्कं माहिती असेल तरच.

एवढं करून 2950 गेला. पुढचे अडथळे त्यामानाने पटापट सुटले.

नवीन ऑफिस 64 बिटचं असल्याने कोडमधल्या जुन्या डिक्लेअर ओळींवर (विंडोजची फंक्शन्स बोलावणाऱ्या) तक्रार आली, तिथे पीटीआरसेफ हा शब्द घालावा लागला (कधीकधी लाँगच्या जागी लाँगपीटीआरही लागतं). मग क्वेरीत (टेबलातून हव्या त्या नोंदी काढणारा प्रश्न) आजची तारीख देणारं साधं डेट फंक्शनसुद्धा चालेना. हे दिसायला भयंकर दिसतं पण कारण बहुतेकदा एकच, व्हीबीएच्या खिडकीत टूल्स, रेफरन्सेस (फाईल ज्या बाहेरच्या घटकांवर अवलंबून आहे त्यांची यादी) उघडा आणि कशाच्या आधी "मिसिंग" लिहिलंय का बघा. आमच्याकडे जुनं कॅलेंडर कंट्रोल होतं, ते 2010 च्या ऑफिसपासून काढूनच टाकलंय. टिक काढली, फॉर्मवरून ते कॅलेंडर उडवलं, तारखेच्या चौकटीला ॲक्सेसचं स्वतःचं कॅलेंडर येतंच.

रनकोडवर 2425 आला तर बघा की बोलावलेलं ते फंक्शनच आहे ना, सब (कोडचा दुसरा प्रकार, जो उत्तर परत देत नाही) असेल तर रनकोडला ते सापडत नाही, आणि मॉड्यूलचं नाव फंक्शनसारखंच ठेवलं असेल तरी अडतं. मॅक्रो डिझाइनमध्ये सिंगल स्टेप चालू केलं की एकेक ओळ थांबत थांबत दिसते, नक्की कुठली ओळ अडतेय ते शोधायला त्यासारखं दुसरं काही नाही. काम झाल्यावर ते बंद करा, नाहीतर सगळे मॅक्रो तसेच थांबत चालतात. उघडतानाच अडत असेल तर शिफ्ट दाबून धरून फाईल उघडा, ऑटोएक्झेक पळत नाही. हे खरं आधी सांगायला हवं होतं.

सगळ्यात वाईट चूक ती जी एरर देतच नाही. थकबाकीच्या यादीत 05-06-2024 टाकलं की 6 मे पासूनची नावं यायची आणि 13-06-2024 टाकलं की बरोबर 13 जूनची! मॅक्रोच्या व्हेअर कंडिशनमध्ये (कुठल्या नोंदी दाखवायच्या ती अट) तारीख हॅशच्या (#) दोन खुणांमध्ये जोडलेली होती आणि तिथे ॲक्सेस महिना आधी वाचतं, 13 वा महिना नसतो म्हणून तेवढं बरोबर यायचं. जुन्या कॉम्प्युटरवर तारखेची पद्धत अमेरिकन होती म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. तारीख तशी जोडण्यापेक्षा कंडिशनमध्ये थेट फॉर्मच्या चौकटीचा उल्लेख करा, प्रश्न मिटतो. ज्यांनी वेळेवर पुस्तक परत केलंय त्यांना थकबाकीची चिठ्ठी जाणं ही फार लागणारी गोष्ट आहे, त्यामुळे कॉम्प्युटर बदलला की 12 तारखेच्या आतली एखादी तारीख टाकून यादी तपासाच.

अजून एक, मराठीत काम करणाऱ्यांसाठी. मॅक्रोचं व्हीबीए करून टाका असा सल्ला बरेच जण देतात. तुमच्या फॉर्मची नावं किंवा मेसेज देवनागरीत असतील तर थांबा, व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टिकत नाही, सगळी प्रश्नचिन्हं होतात. मॅक्रोमध्ये मात्र "वर्गणी जमा झाली" छान दिसतं. म्हणून आम्ही मॅक्रो ठेवलेत. फक्त ऑटोएक्झेकच्या सुरुवातीलाच एक अट घातलीय, करंटप्रोजेक्ट डॉट इझट्रस्टेड तपासायची, आणि उत्तर नाही आलं तर एक साधा फॉर्म उघडतो ज्यावर मराठीत लिहिलंय की ही फाईल विश्वासू फोल्डरमध्ये नाही, अमुक ठिकाणी जाऊन अमुक टिक करा. पुढच्या वेळी कॉम्प्युटर बदलेल तेव्हा मी तिथे असेन नसेन, ताईंना ती चौकट बघून कोणाला बोलवावं लागणार नाही.