दोन रविवारांमधली मुंबई

सोलापूरच्या माणसाला जानेवारीत गावाबाहेर ये म्हणू नये. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, रात्रीचं शोभेचं दारूकाम, हे टाकून मुंबईला कोण जाईल? म्हणून ताईला मी दरवर्षी एकच सांगायचो, "उन्हाळ्यात येतो." आणि उन्हाळ्यात डोंबिवलीला जाऊन आठ दिवस पंख्याखाली बसून परत यायचो.

यंदा ताईनेच फर्मान काढलं. "गड्डा उरकला की त्याच आठवड्यात सिद्धेश्वर एक्सप्रेस पकड. तुझा भाचा बेचाळीस किलोमीटर पळणार आहे. आणि एका रविवारपुरता येऊ नकोस, दोन रविवार राहा."

दोन रविवार म्हणजे कोणते, ते तिने कॅलेंडरवर गोल करून ठेवलं होतं. जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा, फेब्रुवारीचा पहिला महालक्ष्मीच्या डर्बीचा, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा. मध्ये दोन आठवडे जातात, एखाद्या वर्षी तीन. त्याच पट्ट्यात सव्वीस जानेवारी येते आणि काळा घोडा या कला महोत्सवाचे नऊ दिवसही साधारण तिथेच पडतात, थोडे अलीकडे-पलीकडे. नेमक्या तारखा त्या त्या वर्षी बघून मगच तिकीट काढा. पण बाहेरगावच्या माणसाने मुंबईला एकदाच जायचं असेल, तर याच दिवसांत जावं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. घामही येत नाही.

मॅरेथॉनच्या दिवशी ताईने आम्हाला रात्री दोनला उठवलं. धावणाऱ्यांसाठी पहाटे जादा लोकल सोडतात. त्या गाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा मुंबईच्या लोकलमध्ये खिडकी मिळवली. डब्यात सगळे अर्ध्या चड्डीत. कुणी केळं सोलतंय, कुणी पायाला मलम चोळतंय, एक बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. मला आधी स्तोत्र वाटलं. नीट ऐकलं तर कुठल्या किलोमीटरला किती मिनिटं, याचा हिशोब चालला होता.

ही शर्यत २००४ साली सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघते, पार वांद्र्याचा सागरी सेतू गाठते आणि पुन्हा फिरून तिथेच येते. अर्ध्या मॅरेथॉनवाले माहीमच्या रेतीबंदरावरून सुटतात. एरवी त्या सेतूवर पायी माणसाला मज्जाव असतो, दुचाकीलासुद्धा. कित्येक जण तेवढ्यासाठीच नाव नोंदवतात म्हणे, आणि मला ते कारण पूर्ण पटलं.

सुटण्याच्या जागी धावणाऱ्यांनाच सोडतात. भाचा कठड्याच्या आत गेला आणि मी त्याची पिशवी सांभाळत बाहेर. त्याने बजावलं होतं, "मामा, तू इथे थांबू नकोस. पेडर रोडच्या चढावर ये. तिथे मला कुणीतरी लागेल." रस्ते बंद, टॅक्सी नाही. तरी युक्ती सोपी आहे: चालत चर्चगेट गाठायचं, तिथून ग्रँट रोडपर्यंत तीन स्टेशनं लोकलने, आणि पुढे पुन्हा चालत केम्प्स कॉर्नरवरून वर चढायचं. शर्यतीच्या दिवशी शहर आडवं ओलांडायचं तर रुळावरूनच, हे लक्षात ठेवा.

पेडर रोडचा तो चढ गाडीतून कधी जाणवतही नाही. पण हाजी अलीकडून येणाऱ्याच्या पायांत तोवर तिसावर किलोमीटर साचलेले असतात. माणसं तिथे मोडतात. आणि म्हणूनच की काय, सगळी वस्ती तिथेच उभी असते. इमारतींच्या दारात टेबलं मांडलेली, संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, पाणी. एक आजोबा खुर्ची टाकून स्टीलची थाळी चमच्याने बडवत होते. धावणाऱ्याच्या छातीवरच्या क्रमांकाखाली त्याचं नावही छापलेलं असतं, त्यामुळे कुणीही कुणालाही नावाने हाका मारतो. एका दमलेल्या गृहस्थांना शाळेतल्या चार पोरींनी "काका, चला, उतार आलाच!" असं ओरडून अक्षरशः वर ढकललं. उतार यायला अजून बरंच होतं. पण काका धावले.

मी आधी संकोचून उभा होतो. मग वाटलं, आपल्याकडे नंदीध्वज पेलणारा माणूस कंबर कसून येतो तेव्हा आपण काय गप्प उभे राहतो? हीही मिरवणूकच आहे, फक्त जरा घाईतली. त्यानंतर तासभर मी वाचता येईल ते प्रत्येक नाव ओरडलो. घसा बसला. या सगळ्यात भाचा माझ्यासमोरून कधी निघून गेला, कळलंच नाही. त्याने उन्हासाठी टोपी घातली होती आणि मी केस शोधत होतो. दुपारी पदक गळ्यात घालून तो भेटला तेव्हा म्हणाला, "मामा, तू माझंही नाव ओरडलास. माझ्याकडे न बघता."

मधले दिवस भराभर गेले. सव्वीस जानेवारीला शिवाजी पार्कवरचं संचलन पाहिलं. लवकर गेलात तरच दिसतं, नाहीतर पुढच्याच्या खांद्यावरचं पोर दिसतं. दादरला शिवाजी मंदिरात नाटक पाहिलं. जाहिराती आजही पेपरात येतात, तिथूनच प्रयोग निवडला. नाटक बेतास बात, मध्यंतरातला बटाटेवडा उत्तम. रविवारी मात्र बाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल कुठे बंद आहेत ते, बघा. आम्ही बघितला नव्हता. त्या दिवशी ठाण्यापर्यंत पोहोचायलाच जो वेळ लागला, त्यात मी सोलापूरहून बार्शीला जाऊन आलो असतो.

भाऊजींनी एका संध्याकाळी मला परळला कबड्डी दाखवायला नेलं. हिवाळ्यात गिरणगावात अजून रात्रीचे सामने होतात. चाळींच्या मधल्या जागेत मैदान आखलेलं, प्रखर दिवे, पत्र्याच्या खुर्च्या, आणि वरच्या गॅलऱ्यांतून वाकलेल्या बायका. टीव्हीवरची कबड्डी मीही पाहतो. पण चढाईवाला पाय घासत रेषेकडे येतो तेव्हाचा तो आवाज टीव्हीवर येत नाही. भाऊजी तरुणपणी डावा कोपरा सांभाळायचे. पूर्ण सामन्यात ते खुर्चीवर टेकले नाहीत, आणि प्रत्येक पकड चुकली की माझाच दंड धरत होते.

आता काळा घोडा. शनिवार-रविवारी जाऊ नका, हे पहिलं. मी शनिवारी गेलो. रॅम्पार्ट रो वाहनांना बंद आणि माणसांनी गच्च. रस्त्यावर उभारलेल्या दर कलाकृतीच्या मांडणीपुढे रांग, आणि रांग कशाला तर मांडणीकडे पाठ करून फोटो काढायला. अर्ध्या तासात मी वैतागून आझाद मैदानाकडे चालायला लागलो. तिथे डझनभर सामने एकमेकांत मिसळून चालले होते. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्याच्या पंचाला पाठ लावून उभा. १९८८ साली याच मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागी केली होती. तिकीट नाही, रांग नाही. झाडाखाली बसून दोन तास क्रिकेट पाहिलं. कुठले संघ होते, आजही माहीत नाही.

मंगळवारी दुपारी पुन्हा काळा घोड्याला गेलो आणि मत बदललं. १९९९ पासून चालत आलेला हा महोत्सव विनामूल्य आहे, आणि त्याचा जीव त्या मांडण्यांत नाहीच. तो डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेतल्या गप्पांमध्ये आहे, फुटपाथवरच्या पथनाट्यात आहे, आणि जुन्या इमारतींभोवती फिरवून गोष्टी सांगणाऱ्या मंडळींत आहे. त्यांच्याबरोबर एक चक्कर मारली तेव्हा कळलं, की ज्याच्यावरून हे नाव पडलं तो घोडा १९६५ मध्येच इथून हलवला. घोड्यावर सातवा एडवर्ड बसला होता, युवराज असतानाचा. आता तो स्वारासकट राणीच्या बागेत आहे. आणि इथे चौकात २०१७ साली बसवलेला नवा घोडा उभा आहे. त्याच्या पाठीवर कुणी नाही. मला हा नवाच जास्त आवडला.

दुसऱ्या रविवारी डर्बी. ताई म्हणाली, "घोड्यांवर पैसे लावलेस तर घरात घेणार नाही." नाही लावले. पण महालक्ष्मीचं मैदान एकदा पाहावंच. एका बाजूला टोप्या, सूट आणि उंच टाचा, आणि आमच्या बाजूला साध्या शर्टातली, पेन्सिल कानावर ठेवलेली माणसं, हातात शर्यतीचं पुस्तक. पहिली डर्बी १९४३ मध्ये झाली. अंतर २४०० मीटर, म्हणजे सगळा खेळ अडीच मिनिटांचा. त्यासाठी डोंबिवलीहून दीड तास आणि मैदानात आणखी तीन.

शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "कोणता लावलात?"

"कुठलाच नाही. नुसता बघायला आलोय."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण देवळात जाऊन पाया न पडणाऱ्याकडे पाहतो. मग दया येऊन स्वतःची दुर्बीण माझ्या हातात दिली. शर्यत सुटली. मी दुर्बीण फिरवत राहिलो. आधी झाड दिसलं, मग लोकलचा डबा, मग खूप वेळ नुसतं हिरवं. अखेर घोडे सापडले तेव्हा ते सावकाश चालत होते आणि लोक हातातले कागद फाडत होते.

रात्री भाच्याने विचारलं, "मामा, कोण जिंकलं?"

"तुझ्या वेळेला दिसलं, तेवढंच आज दिसलं," म्हटलं.