हाइड पार्क कॉर्नरचं दार: तिसरा शनिवार

दुसरा कागदही बाद. फाडला नाही, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर दगडाचा करडा रंग जमवून बघतोय. पण चित्र म्हणून तो गेला.

नव्यांसाठी थोडक्यात: लंडनच्या हाइड पार्क या बागेचं हे दार वास्तुकार डेसिमस बर्टनचं, १८२० च्या दशकातलं. पंचविशीतल्या पोराचं काम! गाड्यांसाठी तीन दारं, पायी जाणाऱ्यांसाठी दोन, आणि त्यांना जोडणारी आयोनिक, म्हणजे माथ्यावर वेटोळी असलेल्या ग्रीक धाटणीच्या खांबांची रांग. एकूण लांबी सुमारे १०७ फूट. बरोबर समोरून काढतोय, म्हणून फुटाला ३ मिलिमीटर धरले. ए-थ्री कागदावर ३२ सेंटिमीटर होतात. स्थळचित्रात अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही.

घोळ झाला मधल्या दाराच्या चार खांबांत. आयोनिक म्हटलं की हात आपोआप दोन गोल वेटोळी काढतो. इंटरमिजिएटच्या परीक्षेपासूनची खोड. मी चारही खांबांना तशीच काढली. शाईही भरली. मग दुर्बीण लावली, तर कडेच्या दोन खांबांचं बाहेरचं वेटोळं सपाट नाहीच, ते कोपऱ्यातून तिरकं बाहेर आलंय. बर्टनने ते मुद्दाम वळवलंय, म्हणजे समोरून बघा की बाजूने, खांबाचा चेहरा पुराच दिसतो. समोरून मात्र ते वेटोळं दबतं: ४५ अंशांत रुंदी जेमतेम ७० टक्के उरते. माझी गोलगरगरीत वेटोळी भिंतीवर चिकटवलेल्या जिलब्यांसारखी दिसत होती.

तिसऱ्या कागदावर आधी तेवढंच काढलं. पाऊण तास, दोन वेटोळी.

वर शिल्पकार हेनिंगची शिल्पपट्टी आहे, विजयी मिरवणुकीची. या मापात घोडा म्हणजे तीन ठिपके. तिथे जीव काढू नका, सावलीची रेघ पुरते.

खांबांचे पाय मात्र बसगाड्यांच्या फटीतून मोजावे लागतात. सिग्नल लागला की एक खांब. माझ्या पाठीशी असलेली वेलिंग्टन कमान पूर्वी या दाराच्या नेमकी समोर होती, १८८० च्या दशकात ती हलवली. ती तिथंच असती तर मी स्टूल कुठे टाकलं असतं कोण जाणे.

उजव्या कडेला शेजारच्या ॲप्सली हाउस या हवेलीचा पिवळसर कोपरा घेतलाय, फक्त पेन्सिलीत. पुढच्या शनिवारी लोखंडी फाटकांची वेलबुट्टी. पावसाने सोडलं तर.